देह पुन्हा उठेल: ख्रिस्ती श्रद्धेतील पुनरुत्थान

पहिल्या शतकात यरुशलेमच्या परिसरात मृतांचे दफन दोन टप्प्यांत होत असे. ऐपत असलेल्या कुटुंबाची खडकात कोरलेली कबर असे. तागाच्या वस्त्रात गुंडाळलेला देह आतल्या दगडी ओट्यावर किंवा भिंतीत खोदलेल्या खोबणीत ठेवून कबरेच्या तोंडाशी शिळा लावली जाई. साधारण वर्षभराने नातेवाईक पुन्हा आत जात, उरलेली हाडे स्वतःच्या हातांनी वेचत आणि चुनखडीच्या दगडातून घडवलेल्या लहान पेटीत रचून ठेवत. १९६८ साली यरुशलेमच्या उत्तर भागात गिवात हा-मिवतार येथे अशा काही पेट्या सापडल्या. त्यांतल्या एकीवर येहोहानान असे नाव कोरलेले होते आणि आतल्या टाचेच्या हाडात सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा तसाच रुतलेला होता. खिळ्याचे टोक वाकलेले असल्यामुळे तो बाहेर काढता आला नसावा. वधस्तंभावर खिळून मारलेल्या या माणसाचा देह आप्तांनी मिळवला, कबरेत ठेवला आणि पुढे त्याची हाडे त्या खिळ्यासकट जपली.

मृतांच्या हाडांशी इतका जवळचा संबंध असलेल्या या समाजातच येशू मेलेल्यांतून उठला ही घोषणा प्रथम झाली. तिचा अर्थ समजून घ्यायचा तर हे आधी लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुनरुत्थान म्हटले की अनेकांच्या मनात देह सोडून गेलेल्या अमर आत्म्याची कल्पना येते. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे त्याहून वेगळे आणि माझ्या मते अधिक धाडसाचे आहे. जो देह जन्मला, राबला, ज्याने दुःख भोगले आणि जो मातीत गेला, त्या देहालाच देव पुन्हा उठवील, असे ती सांगते.

ही आशा येशूच्या आधीपासून यहूदी परंपरेत होती, पण ती सुरुवातीपासून नव्हती. हिब्रू धर्मशास्त्राच्या बऱ्याच भागात मृतांचे ठिकाण म्हणजे अधोलोक, जिथे सज्जन आणि दुर्जन सारखेच निःशब्द असतात आणि जिथून देवाची स्तुतीदेखील होत नाही. यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेले सुक्या हाडांचे खोरे सर्वांना परिचित आहे. हाडाला हाड जुळते, त्यांवर स्नायू आणि कातडी चढते, श्वास येतो आणि मोठे सैन्य उभे राहते. तिथे मात्र बोलणे आहे ते बंदिवासात गेलेल्या राष्ट्राच्या पुनरुज्जीवनाविषयी.

एकेका माणसाच्या उठण्याची भाषा स्पष्ट झाली ती छळाच्या काळात. इ.स.पू. दुसऱ्या शतकात अंतियोख चौथा या राजाने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि नियमशास्त्र पाळणाऱ्यांना ठार मारण्यास सुरुवात केली. निष्ठा राखली म्हणून माणूस मारला जातो आणि मारणारा सुखाने राज्य करतो, मग देवाचा न्याय कुठे आहे, हा प्रश्न तेव्हा टाळता येण्यासारखा राहिला नाही. दानीएलाच्या पुस्तकाचा बारावा अध्याय त्याचे उत्तर देतो: जमिनीच्या मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात सात भावांचा त्यांच्या आईसमोर एकामागून एक वध होतो. तिसऱ्या भावाकडे जीभ मागितली जाते, तेव्हा तो ती ताबडतोब बाहेर काढतो, हात पुढे करतो आणि म्हणतो की हे अवयव मला स्वर्गातून मिळाले आणि तिथूनच ते मला परत मिळतील अशी माझी आशा आहे. पुनरुत्थानाच्या संपूर्ण विचाराचा गाभा मला या प्रसंगात दिसतो. जुलमी राजा ज्यावर घाव घालतो तो देहच आहे, म्हणून न्यायही त्या देहालाच मिळाला पाहिजे.

येशूच्या काळापर्यंत हा मुद्दा वादाचा झाला होता. नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे परूशी पुनरुत्थान मानत होते. मंदिराच्या याजकवर्गाशी जवळीक असलेले सदूकी ते नाकारत होते. सदूक्यांनी येशूला पेचात पकडण्यासाठी, एकामागून एक सात भावांशी लग्न करावे लागलेल्या स्त्रीचा प्रश्न विचारला: पुनरुत्थानात ती कोणाची बायको असेल? येशूने उत्तर दिले की मेलेले उठतात तेव्हा ते लग्न करीत नाहीत. आणि जो स्वतःला अब्राहामाचा, इसहाकाचा आणि याकोबाचा देव म्हणवतो, तो मेलेल्यांचा नव्हे, तर जिवंतांचा देव आहे. या उत्तरात सगळा भार देवाच्या विश्वासूपणावर आहे. माणसात स्वभावतः काही अविनाशी आहे म्हणून तो वाचतो, असे येशू म्हणत नाही.

मात्र युगाच्या अंती सर्वांचे एकदम होणारे पुनरुत्थान एका माणसाच्या बाबतीत, इतिहास चालू असतानाच, आणि तेही अपमानास्पद शिक्षा भोगून मेलेल्या माणसाच्या बाबतीत घडेल, अशी अपेक्षा कोणीही केली नव्हती. याविषयीची आपल्या हाती असलेली सर्वांत जुनी सविस्तर लेखी साक्ष येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांत नसून पौल या प्रेषिताने करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना, म्हणजे करिंथकरांना, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे. हे पत्र इ.स. ५५ च्या सुमाराचे, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांच्या आतले आहे. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठवला गेला, हे जे मला मिळाले तेच मी तुम्हांला दिले, असे पौल लिहितो. म्हणजे ते शब्द त्या पत्राहूनही जुने आहेत. पुढे तो नावे देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, याकोब आणि सर्वांत शेवटी तो स्वतः. त्या पाचशेंपैकी बहुतेक जण अजून हयात आहेत, असेही तो नमूद करतो. वाचणाऱ्याने हवे तर जाऊन विचारावे, असा त्या वाक्याचा रोख आहे.

चार शुभवर्तमाने त्यानंतर लिहिली गेली. त्यांपैकी एकातही येशू कबरेतून उठत असतानाचे वर्णन नाही. सगळे काही सुरू होते ते सरकवलेल्या शिळेपासून, आणि तिथे प्रथम पोहोचतात त्या स्त्रिया, ज्यांच्या साक्षीला त्या समाजात पुरुषांच्या साक्षीइतके वजन नव्हते. लूक लिहितो की त्यांचे बोलणे प्रेषितांना वायफळ बडबड वाटली. चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत मार्काचे शुभवर्तमान संपते तेच मुळी थरथर कापत पळालेल्या आणि भीतीमुळे कोणाला काही न सांगणाऱ्या स्त्रियांवर. मत्तयाच्या शेवटच्या प्रसंगात अकरा शिष्य येशूला पाहून नमन करतात, तरी काहींना संशय येतो. स्वतःच्या संस्थापकांविषयी असे लिहून ठेवणाऱ्या परंपरेचा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

त्याच प्रामाणिकपणाने हेही सांगितले पाहिजे की या वृत्तांतांत मेळ नसलेल्या गोष्टी आहेत. कबरेकडे गेलेल्या स्त्रिया किती, देवदूत एक की दोन, शिष्यांना प्रथम दर्शन गालीलात झाले की यरुशलेमात, यांची उत्तरे वेगवेगळी मिळतात. शिष्यांनीच देह चोरून नेला, हा आक्षेप इतका जुना आहे की मत्तयाने त्याची नोंद घेतली आहे. दुसऱ्या शतकात केल्सस या ग्रीक तत्त्वज्ञाने या श्रद्धेवर कडाडून टीका केली. अठराव्या शतकात रायमारुस या जर्मन विद्वानाने देह चोरल्याचा तर्क पुन्हा मांडला, तर १८३५ मध्ये जर्मन धर्मपंडित डेव्हिड स्ट्राउसने शुभवर्तमानांतील चमत्कारांकडे मिथक म्हणून पाहिले. येशूच्या अनुयायांची तो जिवंत भेटल्याची खात्री पटली होती आणि त्या खात्रीने त्यांचे आयुष्य बदलले, इथपर्यंत इतिहासकाराला जाता येते. त्यापुढचे पाऊल श्रद्धेचे आहे, आणि ख्रिस्ती माणूस ते श्रद्धेचे म्हणूनच टाकतो.

येशूची कबर मानल्या जाणाऱ्या जागेवरचे यरुशलेममधील पवित्र कबरेचे मंदिर सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात उभारले गेले आणि इ.स. ३३५ मध्ये त्याचे समर्पण झाले. १००९ मध्ये खलिफा अल-हाकिमच्या आदेशाने त्याचा विध्वंस झाला, पुढे ते पुन्हा बांधले गेले. ऑक्टोबर २०१६ मध्ये जीर्णोद्धाराच्या वेळी कबरेवरची संगमरवरी शिळा हटवण्यात आली, तेव्हा खाली क्रूस कोरलेली, तडा गेलेली दुसरी शिळा आणि तिच्याखाली चुनखडीचा मूळ ओटा दिसला. तिथल्या चुन्याच्या नमुन्याचा काळ सुमारे इ.स. ३४५ निघाला. या जागेचा मान किमान कॉन्स्टंटाइनच्या काळापासून चालत आला आहे, हे त्यावरून कळते. ओटा रिकामा का आहे, हे कोणत्याही चाचणीने कळणार नाही.

आता उठलेला देह कसा असतो, या प्रश्नाकडे वळू. येशूने मेल्यावर जिवंत केलेला लाजार कबरेतून बाहेर आला, पण तो याच आयुष्यात परतला आणि पुन्हा मरणारच होता. येशूचे उठणे त्या जातीचे नाही. त्याची अनुयायी मग्दालीया मरीया हिला तो प्रथम माळी वाटतो आणि नावाने हाक मारल्यावरच तिला ओळख पटते. दारे बंद असताना तो आत येतो, पण भाजलेल्या माशाचा तुकडा घेऊन सर्वांदेखत खातो. संशय घेणाऱ्या थोमा या शिष्याला तो हातांवरचे व्रण दाखवतो आणि कुशीत हात घालायला सांगतो. मरणावर विजय मिळवलेल्या देहावर जखमा राहतातच कशाला, असा प्रश्न इथे पडावा. त्या राहतात म्हणूनच थोमाला कळते की समोरचा दुसरा कोणी नाही, ज्याला खिळले होते तोच हा आहे.

मेलेले उठतील तर कोणत्या शरीराने, या करिंथकरांच्या प्रश्नाला पौलाने पेरणीच्या दाखल्याने उत्तर दिले. आपण पेरतो तो नुसता दाणा, उगवून येते ते वेगळेच शरीर, तरी दोहोंतील नाते तुटत नाही. नाशवंत पेरले जाते, अविनाशी उठवले जाते. ख्रिस्त हे या पिकाचे प्रथमफळ आहे. म्हणून येशूचे उठणे हा त्याच्या एकट्याचा गौरव राहत नाही, ती सर्व मृतांसाठी दिलेली हमी ठरते. हमी खोटी असेल तर काय, हेही पौल लपवत नाही. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे तो सरळ लिहितो.

ग्रीक जगाला हे पचणे अवघड होते. तिथल्या अनेक विचारवंतांच्या दृष्टीने देहातून सुटणे हीच मुक्ती होती. अथेन्समध्ये अरीयपग या टेकडीवर पौलाचे भाषण लोकांनी शांतपणे ऐकले, पण मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख येताच काहींनी थट्टा सुरू केली. छळ करणाऱ्यांनी मात्र या श्रद्धेचा आशय पुरता ओळखला होता. इ.स. १७७ मध्ये गॉलमधील लियों शहरात मारल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांचे देह सहा दिवस उघड्यावर ठेवले गेले, मग जाळून त्यांची राख रोन नदीत लोटण्यात आली. यांना पुनरुत्थानाची आशासुद्धा उरू नये, असा त्यामागचा उद्देश त्यांनी बोलून दाखवल्याचे, मागे राहिलेल्या मंडळीने पाठवलेल्या पत्रात नोंदले आहे. चर्चचा इतिहासकार युसेबियस याने आपल्या ग्रंथात ते पत्र जतन केले.

राखेचे काय, समुद्रात बुडालेल्यांचे काय, हे प्रश्न मग पुढची कित्येक शतके गंभीरपणे चर्चिले गेले. आज ते बालिश वाटू शकतात, पण त्यांमागे मेलेल्या माणसांवरचे खरे प्रेम होते. इ.स. ३७९ च्या सुमारास भाऊ बासिल गेल्याच्या शोकात असलेला निस्साचा बिशप ग्रेगरी बहीण मॅक्रिनाकडे गेला, तर तीही मृत्युशय्येवर होती. त्या भेटीवर आधारलेल्या संवादात शंका काढतो तो ग्रेगरी, आणि उत्तरे देते ती मरणासन्न मॅक्रिना. देहाचे घटक कितीही विखुरले तरी आत्मा त्यांना ओळखतो आणि सोडत नाही, असे ती समजावते. धर्माचार्य ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागात तान्ही वारलेली बालके कोणत्या रूपात उठतील, याचा विचार केला. वाढ झाली असती तर जे शरीर त्यांना लाभले असते त्या पूर्णतेत ती उठतील, असे त्याने लिहिले. हुतात्म्यांच्या अंगावरचे व्रण कदाचित राहतील, पण ते व्यंग नसतील, भूषण असतील, असेही त्याला वाटले.

चित्रकारांनी हीच आशा रंगांत मांडली. इस्तंबूलमधील खोरा येथील चर्चमधले एक भित्तिचित्र चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे. त्यात शुभ्र वस्त्रातला ख्रिस्त एका हाताने आदामाला आणि दुसऱ्या हाताने हव्वेला त्यांच्या शवपेट्यांतून ओढून बाहेर काढत आहे. त्याने त्यांची मनगटे धरली आहेत. वर येण्याचे बळ त्या दोघांचे स्वतःचे नाही, हे त्या पकडीतून लगेच कळते. पायांखाली अधोलोकाची मोडलेली दारे, कड्या, कुलुपे आणि किल्ल्या विखुरल्या आहेत. ज्या दालनात हे चित्र आहे, ते दफनासाठीच बांधलेले होते आणि त्याच्या भिंतींमध्ये कबरींचे कोनाडे आहेत.

इ.स. ३८१ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठराविक कबुलीपाठात, मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची वाट पाहत असल्याची कबुली आहे, आणि उपासनेत ती आजही म्हटली जाते. मृतदेहाशी कसे वागावे, हे अजूनही याच कबुलीवरून ठरते. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत सामान्यतः दफनाचाच आग्रह आहे. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली, कारण देहाला अग्नी दिल्याने देवाच्या सामर्थ्याला बाधा येत नाही. मात्र २०१६ च्या निर्देशात राख पवित्र जागीच ठेवावी, ती हवेत, जमिनीवर किंवा पाण्यात विखरू नये आणि नातेवाइकांत वाटूनही घेऊ नये, असे सांगितले आहे. ती राख उठणाऱ्या माणसाची आहे, असे चर्च मानते.