पद्मिनीच्या बोनेटखाली ईसीयू : जुन्या गाडीचं नवं वायरिंग

[दृश्य : उघडं बोनेट, मूळ वायरिंग]

प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, सोलेक्सचा कार्ब्युरेटर आणि सी.बी. (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटवर चालणारं इग्निशन. हे इंजिन चालू राहायला एकच वायर पुरते, चावीपासून कॉइलपर्यंत जाणारी. पेट्रोल पंपसुद्धा इंजिनच चालवतं.

आता याच इंजिनावर प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, बसवायचा आहे. कार्ब्युरेटर निघेल, त्या जागी इंजेक्टरवाली थ्रॉटल बॉडी येईल. ठिणगीचं टायमिंग आता पॉइंटऐवजी क्रँक सेन्सर सांगेल. वायरी तीसच्या घरात जातील. ईसीयू म्हणून मेगास्क्वर्ट घ्या, स्पीडुइनो घ्या किंवा त्या जातीचा दुसरा कुठला घ्या. चर्चा सगळी ईसीयूच्या डब्याची होते, पण गाडी अडते ती सप्लाय, अर्थ आणि क्रँकच्या सिग्नलवर. आपण जास्त वेळ तिथेच थांबणार आहोत.

त्याआधी कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मनाने करता येत नाही. आपला बदल त्यात बसतो का, हे कामाला हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

मूळ वायरिंग कापायचं नाही, हा पहिला नियम. लाईट, हॉर्न, वायपर जिथे आहेत तिथे राहू द्या. ईसीयूचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, पूर्ण वेगळा बनवा. जुन्या हार्नेसकडून त्याला एकच गोष्ट हवी आहे, चावीचा सिग्नल. तोही फक्त रिले ओढण्यापुरता. जुन्या वायरीचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं असतं, आतलं तांबं काळं पडलेलं असतं. त्यात नवीन वायर जोडली की पुढचा प्रत्येक फॉल्ट दोन्ही हार्नेसमध्ये शोधत बसावं लागतं.

[दृश्य : बॅटरी, फ्यूज बॉक्स, दोन रिले]

सप्लायपासून सुरुवात करू. बॅटरीच्या प्लसवरून ४ ते ६ स्क्वेअर एमएमची वायर थेट घ्या आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज टाका. तिथून मेन रिले. रिलेच्या पुढे फाटे फुटतात : ईसीयूला ५ अँपिअरचा फ्यूज, इंजेक्टरना ७.५, कॉइलना १०, पेट्रोल पंपाला १५. पंपाला स्वतंत्र रिले हवा आणि तो ईसीयूच्या ताब्यात हवा. चावी फिरवल्यावर पंप दोन सेकंद चालून थांबतो आणि क्रँकचा सिग्नल आला तरच पुन्हा चालतो. अपघातात इंजिन बंद पडलं की पंप आपोआप थांबतो तो यामुळेच. पंप चावीवर डायरेक्ट जोडला, तर फुटलेल्या पाइपातून ३ बारने पेट्रोल उडत राहील. हा शॉर्टकट कुणीही, कितीही घाईत घेऊ नये.

आता चावीचा स्विच तपासा. काही जुन्या स्विचमध्ये सेल्फ मारताना एखाद्या टर्मिनलचा सप्लाय तुटतो. मल्टिमीटर लावा, सेल्फ मारा. व्होल्टेज शून्यावर गेलं, तर ते टर्मिनल आपल्या कामाचं नाही. सेल्फ मारताना ईसीयू बंद पडेल आणि इंजिन कधीच धरणार नाही.

चार्जिंगचं गणितही बदलतं. पंप ५ ते ६ अँपिअर खातो. इंजेक्टर, कॉइल, लॅम्ब्डा सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) हीटर आणि ईसीयू धरले की बेरीज १०-१२ अँपिअरवर जाते. रात्री हेडलाईटचे आणखी ९. डायनॅमोवाली जुनी गाडी असेल, तर आयडलवर तो जवळपास चार्जच करत नाही. सिग्नलला उभं राहिलं की बॅटरी उतरायला लागते, व्होल्टेज पडतं, इंजेक्टर उशिरा उघडतात, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. अशा गाडीत अल्टरनेटर आधी बसवा, ३५-४५ अँपिअरचा पुरतो. आतमध्ये रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर घेतला, तर डायनॅमोचा जुना कट-आऊट सर्किटमधून काढावाच लागतो.

[दृश्य : इंजिन ब्लॉकवरचा अर्थ पॉइंट, अगदी जवळून]

आता अर्थ. बॅटरीच्या मायनसपासून ब्लॉकला जाड केबल आणि ब्लॉकपासून बॉडीला दुसरी पट्टी. ब्लॉकवर एक बोल्ट निवडा. रंग, गंज, तेल खरवडून खालचा धातू चकचकीत करा. ईसीयूच्या सगळ्या पॉवर अर्थ वायरी या एकाच बोल्टवर, थिंबल लावून आणा. लॅम्ब्डा हीटरचा अर्थही इथेच.

सेन्सरचे अर्थ मात्र इथे आणायचे नाहीत, बॉडीवर तर अजिबात नाहीत. पाण्याच्या तापमानाचा, हवेच्या तापमानाचा, थ्रॉटलचा आणि मॅपचा (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर) अर्थ ईसीयूच्या सेन्सर अर्थ पिनवरच परत न्यायचा. कारण आकड्यांत बघा. एक बारचा मॅप सेन्सर ५ व्होल्टमध्ये साधारण ९५ किलोपास्कल मोजतो. अर्थमध्ये फक्त ०.१ व्होल्टचा फरक पडला, तर वाचन २ किलोपास्कलने चुकतं. आयडलवर मॅनिफोल्डचा दाब ४० किलोपास्कल असेल, तर पेट्रोल ५ टक्क्यांनी चुकलं. तापमानाचा सेन्सर ८० अंशांना साधारण ३२० ओहम दाखवतो. तिथे तेवढ्याच फरकाने वाचन सात-आठ अंश सरकतं. हेडलाईट लावले की आयडल बदलतो, पंखा सुरू झाला की इंजिन अडखळतं, या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं, आणि लोक ट्यूनिंगचे आकडे बदलत बसतात.

तपासायची रीत सोपी आहे. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं ईसीयूच्या अर्थ पिनवर. सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं, तर बोल्ट पुन्हा उघडा.

[दृश्य : क्रँक पुलीवर ३६-१ चाक, शेजारी सेन्सर]

क्रँक सिग्नल. पुलीवर ३६ दातांचं चाक, त्यातला एक दात काढलेला. प्रत्येक दात १० अंशांचा. रिकाम्या जागेवरून ईसीयूला क्रँकची जागा कळते. व्हीआर सेन्सर (दात जवळून गेला की सिग्नल देणारा चुंबकी सेन्सर) आणि दात यांच्यात ०.५ ते १ मिलीमीटर फट ठेवा. फीलर गेज घालून पुली हाताने पूर्ण फिरवा, कारण चाक जरा जरी वाकडं बसलं असेल, तर एका बाजूला फट वाढते आणि कमी आरपीएमला तिथलेच दात दिसत नाहीत. सेन्सरचा ब्रॅकेट इंजिनवरच हवा आणि जाड हवा. बॉडीवर लावलात, तर इंजिन माउंटिंगवर हललं की टायमिंगही हलेल.

सेन्सरची वायर शील्डवाली घ्या. शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केलं, तर शील्डमधूनच करंट फिरायला लागतो. प्लगच्या वायरींबरोबर ही वायर बांधायची नाही. त्यांना काटकोनात ओलांडून न्या.

व्हीआर सेन्सरच्या दोन वायरी उलट लागल्या तरी इंजिन कधीकधी सुरू होतं. म्हणूनच ही चूक फसवी आहे. आरपीएम वाढेल तसं टायमिंग सरकतं किंवा सिंक, म्हणजे ईसीयूचा क्रँकशी मेळ, तुटतं. मधेच मिसिंग येत असेल, तर या दोन वायरी अदलाबदल करून बघा.

जुन्या गाडीवर प्लगला तांब्याच्या साध्या वायरी असतील, तर त्या बदला. ५ किलोओहमच्या आसपास रेझिस्टन्स असलेल्या वायरी किंवा रेझिस्टर प्लग हवेत. नाहीतर आयडलला गाडी गोड चालेल आणि अडीच हजार आरपीएमला ठिणगीच्या नॉइजमुळे ईसीयू रीसेट होईल.

कॉइल दोन : एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला, दुसरी २ आणि ३ नंबरला. डिस्ट्रिब्युटर काढून टाकणार असाल, तर ऑइल पंपाला फिरकी कुठून मिळते ते आधी बघा. पहिल्यांदा ईसीयूला सप्लाय देताना कॉइलचा फ्यूज काढून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये ठिणगीच्या आउटपुटची दिशा उलटी निवडली, तर इंजिन बंद असतानाही कॉइल सतत चार्ज होत राहते आणि थोड्याच वेळात जळते. ड्वेल, म्हणजे कॉइल चार्ज करण्याचा वेळ, ३ मिलिसेकंदांपासून सुरू करा.

[दृश्य : टेबलावर पसरलेला हार्नेस]

सेन्सरना अर्धा स्क्वेअर एमएमची वायर पुरते. इंजेक्टर आणि कॉइलना १, पंपाला २.५. गाडीचीच वायर घ्या, १०५ अंश सोसणारी. घरच्या वायरिंगची नको. लांबी सुतळीने मोजा आणि इंजिन हलतं तिथे थोडी ढील ठेवा. जोड क्रिंपचा असावा. सोल्डरने डाग दिला, तर रेण जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि कंपनाने तिथेच तुटते. क्रिंपचे पुढचे दोन पंख तांब्यावर आणि मागचे दोन इन्सुलेशनवर बसायला हवेत. प्रत्येक पिन ओढून बघा. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) भोकात रबरी ग्रोमेट घाला.

पेट्रोलची बाजू थोडक्यात. ४५ अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण भारावर मिनिटाला साधारण २४० सीसी पेट्रोल लागतं. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नसतो, म्हणून १५० ते २०० सीसीचे, १२ ते १६ ओहमचे दोन इंजेक्टर घ्या. पंप तासाला शंभर लिटरच्या आसपास फेकतो आणि इंजिन जास्तीत जास्त १४ लिटर पितं. उरलेलं टाकीत परत न्यायला रिटर्न लाईन लागतेच. जुना कार्ब्युरेटरचा रबरी पाइप ३ बारला टिकणार नाही. टाकीचा गंज साफ केल्याशिवाय नवा पंप बसवू नका.

[दृश्य : मल्टिमीटर, मग लॅपटॉप]

आता तपासणी. ईसीयू न जोडता चावी ऑन करा आणि कपलरची एकेक पिन मोजा. सेन्सरच्या कुठल्याही पिनवर १२ व्होल्ट दिसता कामा नये; एका चुकीच्या पिनने ईसीयू कायमचा जातो. मग ईसीयू जोडा. लॅपटॉपवर पाणी आणि हवा दोन्हींचं तापमान बाहेरच्या हवेइतकं दिसायला हवं, आणि मॅपवर मुंबईच्या पातळीला १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५.

प्लग काढा, इंजेक्टरचा फ्यूज काढा आणि सेल्फ मारा. आरपीएम २०० च्या आसपास स्थिर दिसायला हवेत. आकडा उड्या मारत असेल, तर पुढे जायचं नाही, सेन्सरकडे परत जायचं. स्थिर असेल तर प्लग आणि कॉइलचा फ्यूज बसवा, सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक करा आणि सेल्फ मारताना टायमिंग लाईट पुलीवर धरा. लाईटमध्ये १० अंश दिसेपर्यंत ट्रिगर अँगल (रिकाम्या दाताची जागा सांगणारा सॉफ्टवेअरमधला आकडा) बदला. लाईट साधी वापरा : दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देणाऱ्या कॉइलवर, अँगल फिरवून मोजणाऱ्या लाईटी बऱ्याचदा दुप्पट आकडा दाखवतात. इंजिन सुरू झाल्यावर ३००० आरपीएमला पुन्हा बघा. खूण जागेवरून हलली, तर व्हीआरच्या वायरी उलट आहेत.

हे सगळं जुळल्यावरच इंजेक्टरचा फ्यूज बसवा आणि ट्यूनिंगला बसा. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर अर्थचा बोल्ट, सेन्सरची फट आणि पेट्रोलचे क्लॅम्प पुन्हा एकदा तपासा.