पांढऱ्यावर पांढरं

(मालवणातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: वेबसाइटवरच्या अक्षरांचा रंग प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळा का दिसतो आणि त्यावर उपाय काय. इथे बसलेल्यांपैकी कुणाचा होमस्टे आहे, कुणाची हापूसची कलमं आहेत, आणि ज्याचं दोन्ही नाही त्याचा भाचा तरी किल्ल्याच्या बोटीचं बुकिंग फोनवर घेतो. तेव्हा ब्राउझर म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. देवगडच्या एका बागायतदारांची गोष्ट आधी सांगतो, कारण सगळा विषय तिच्यात आहे.

एप्रिलचे दिवस. पेट्या भरायची घाई. यांनी शहरातल्या एका कंपनीकडून नवी वेबसाइट करून घेतलेली: नाव, पत्ता, पिनकोड, किती डझन, झालं. आणि फोन यायला लागले की फॉर्म भरता येत नाही. काकांनी मला बोलावलं. म्हणाले, "अरे, गिऱ्हाइकां म्हणतत लिवलेला दिसना नाय. माका तर सगळा दिसता." त्यांच्या टेबलावरच्या संगणकावर खरंच सगळं दिसत होतं. पांढरे खाने, काळी अक्षरं.

कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, ग्राहकाचा फोन जुना असेल. हे उत्तर मला आजही सहन होत नाही. फोन जुना नव्हता. ठाण्याच्या एक आजी होत्या, मुलाने नुकताच नवा फोन घेऊन दिलेला. त्यांनी नाव टाइप केलं, काही उमटलं नाही. नुसता कर्सर पुढे सरकतोय. मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं होतं, त्यांना वाटलं डोळ्यांचंच काहीतरी. मग पत्ता पुन्हा लिहिला. पेटी गेली तेव्हा पत्त्यात सोसायटीचं नाव लागोपाठ दोनदा. (हशा) हसा, पण पेटी पोचली ती कुरियरवाल्या पोराच्या समजूतदारपणामुळे. मी आजींना फोनवर म्हटलं, त्या रिकाम्या खान्यावर बोट दाबून धरा. त्यांनी धरलं, निवडीचा निळा पट्टा आला आणि त्यात त्यांचा पूर्ण पत्ता दिसला. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात तो पहिल्यापासून तिथेच होता.

असं का झालं? कंपनीने कोडमध्ये एका ओळीत जाहीर केलं होतं की आमची साइट डार्क मोडमध्येही, म्हणजे काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांतही चालते. खान्यांची पार्श्वभूमी त्यांनी स्वतः पांढरी ठरवली. अक्षरांचा रंग मात्र लिहिलाच नाही, कारण त्यांच्या पडद्यावर तो आपोआप काळा येत होता. तो काळा त्यांचा नव्हता, ब्राउझरचा होता. आजींच्या फोनवर डार्क मोड चालू. ब्राउझरने त्या एका ओळीवर विश्वास ठेवला आणि आपली अक्षरं पांढरी केली. पार्श्वभूमी कंपनीच्या हुकमाने पांढरीच राहिली. ब्राउझर नियमाप्रमाणे वागला, आजी नियमाप्रमाणे वागल्या, आणि डोळ्यांवर संशय आला तो आजींच्या. एका ओळीत अक्षरांचा रंग लिहिल्यावर फोन यायचे थांबले.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याने पार्श्वभूमीचा रंग ठरवला त्याने अक्षरांचा रंग ठरवलाच पाहिजे, आणि उलटही. जे तुम्ही लिहीत नाही ते ब्राउझर लिहितो. प्रत्येक ब्राउझरच्या पोटात त्याची स्वतःची शैलीची यादी असते. तुम्ही कधीच न ठरवलेली ती निळी लिंक त्या यादीतलीच: लाल ०, हिरवा ०, निळा २३८. (पडद्यावरचा रंग असा तीन आकड्यांत सांगतात, प्रत्येक ० ते २५५; तिन्ही ० म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा.) १९९३ च्या मोझेइक ब्राउझरपासून लिंक निळ्या आहेत. तिथे सगळे एकमताने वागतात म्हणून आपल्याला वाटतं, बाकीच्या रंगांचंही तसंच असेल. तसं नाही. रंगांची नावंसुद्धा जपून वापरा. राखाडीत तिन्ही आकडे सारखे, म्हणून एकच सांगतो: 'ग्रे' म्हणजे १२८ आणि 'डार्कग्रे' म्हणजे १६९. १६९ जास्त उजळ, म्हणजे नावाने गडद तो प्रत्यक्षात फिका. वेगवेगळ्या जुन्या याद्या एकत्र आल्या, त्यातून हे झालं, आणि आता ते कुणी बदलू शकत नाही, कारण लाखो पानं त्यावर उभी आहेत. या यादीवर मला वेगळं व्याख्यान...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग कारणं भराभर सांगतो.

खान्यात आधीपासून जी फिकट सूचना असते, 'इथे नाव लिहा', तिला फायरफॉक्सने वर्षानुवर्षं ५४ टक्के अपारदर्शकता लावलेली आहे. तुम्ही ११८ ची राखाडी दिलीत तर पांढऱ्यावर ती १८१ च्या आसपास जाते. क्रोममध्ये तीच ११८ राहते. म्हणून रंगासोबत अपारदर्शकता १, म्हणजे शंभर टक्के, असंही लिहा. आयफोनवरची सफारी, ज्यात लिहिता येत नाही अशा बंद ठेवलेल्या खान्यातली अक्षरं स्वतःहून फिकट करते. आयफोनच्या २०२१ च्या आयओएस १५ या आवृत्तीत बटणांवरची अक्षरं निळी झाली, ज्यांनी रंग लिहिला नव्हता त्यांची. क्रोम पत्ता आपोआप भरतो तेव्हा खान्याला स्वतःचा रंग चढवतो. काही फोनमधले ब्राउझर तर साइटला न विचारता डार्क मोडमध्ये सगळे रंग फिरवतात.

आता आपल्या लिपीचं, हे कुणी सांगत नाही. तुम्ही फॉन्ट दिला नाहीत तर विंडोजवर निर्मला, आधीच्या विंडोजवर मंगल, अँड्रॉइडवर नोटो, ॲपलवर कोहिनूर. प्रत्येकाची जाडी वेगळी. रेघ पिक्सेलपेक्षा बारीक झाली की कडा गुळगुळीत करताना तिचा रंग पार्श्वभूमीत मिसळतो आणि काळी रेघ राखाडी दिसते. आपल्याकडे पहिला मार बसतो तो रफाराला आणि अनुस्वाराला. ॲपलने मॅकच्या २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून कडा गुळगुळीत करायची जुनी पद्धत सोडली, विंडोजवर क्लिअरटाइप नावाची वेगळी पद्धत आहे. त्यामुळे रंगाचा आकडा एकच असूनही अक्षर कुठे भरदार, कुठे किडकिडीत. मराठी मजकुराला हलक्या वजनाचा, म्हणजे बारीक रेघांचा, फॉन्ट देऊ नका.

शेवटचं, ऊन. वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची नियमावली आहे, तिच्यात साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उजेडाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ मागितलंय. पांढऱ्यावर ११८ ची राखाडी जेमतेम पास होते, १५३ ची नापास. त्या सूत्रात दोन्ही बाजूंना ०.०५ मिळवलेलं असतं, ते पडद्यावर पडणाऱ्या आसपासच्या उजेडासाठी. जेट्टीवर दुपारी बारा वाजता तो उजेड कितीतरी जास्त असतो. अक्षरावरही तेवढाच, पार्श्वभूमीवरही तेवढाच, म्हणजे गुणोत्तर घसरतं. आपलं गिऱ्हाईक जेट्टीवर उभं आहे, एसीत नाही. भरतीची वेळ, बोटीचे दर, फोन नंबर, हे काळ्यातच ठेवा.

वेळ संपली. प्रश्न बाहेर चहाला घेऊ, आणि ज्यांची साइट आहे त्यांनी फोन डार्क मोडवर टाकून स्वतःचा फॉर्म उघडून आणा.