पूल झाला, फाटकाचं काय?

फ्रेंच गयाना आणि ब्राझील यांच्यामधल्या ओयापोक नदीवर 378 मीटरचा पूल 2011 मध्ये बांधून तयार झाला. त्यावरून वाहनं जायला लागली ती 2017 च्या मार्चमध्ये. मधल्या काळात पुलात काहीच बिघडलेलं नव्हतं. ब्राझीलच्या बाजूचा तपासणी नाका अपुरा होता, पलीकडे चालेल असा गाड्यांचा विमा कसा घ्यायचा याचा घोळ मिटत नव्हता, आणि त्या बाजूनं पुलाकडे येणारा रस्ता बराच कच्चा होता. सीमेवरच्या पुलाची चर्चा लांबी, खांब आणि खर्च यांवर सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते. प्रदेशाचं भलं होणार की नाही, हे मात्र दोन्ही टोकांच्या फाटकांवर ठरतं. म्हणून आज बोलायचं ते फाटकांबद्दल.

एक साधा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण कोणत्याही नाक्याला लावून बघता येतील. पुलाच्या एका मार्गिकेवरून मिनिटाला एक ट्रक आरामात जातो, म्हणजे तासाला 60. नाक्यावर एका ट्रकला 12 मिनिटं लागत असतील, तर एका काउंटरवरून तासाला 5 सुटतात. चार काउंटर आणि दहा तासांचं कामकाज धरलं, तर दिवसाला 200. रोज 240 ट्रक आले तर 40 मागे राहतात. सातव्या दिवशी रांगेत 280 ट्रक. ट्रक आणि मधलं अंतर मिळून 20 मीटर धरले, तर ही रांग 5.6 किलोमीटरची झाली. पूल तेव्हा जवळजवळ रिकामाच असतो!

आता काउंटर वाढवायचे की वेळ कमी करायचा? दोन काउंटर वाढवले की दिवसाला 300 ट्रक सुटतात. चारच काउंटर ठेवून 12 मिनिटांची 8 केली, तरी 300 च सुटतात आणि साचलेली रांग पाच दिवसांत संपते. पण 12 ची 10 केली तर सुटणार 240, येणार 240. रांग वाढायची थांबते, हटत मात्र नाही. अर्धवट सुधारणेनंतर ‘काहीच फरक पडला नाही’ अशी ओरड होते, ती म्हणूनच.

ही मिनिटं जातात कुठे? सीलचा नंबर कागदाशी जुळवायचा, ट्रक काट्यावर घ्यायचा, मालाची यादी तपासायची, चालकाचा पासपोर्ट आणि गाडीचा परवाना पाहायचा. भाजीपाला असेल तर किडीची तपासणी. सगळं सुरळीत असेल तर हे भराभर उरकतं. अडतं ते असं: दोन देशांच्या काट्यांवर वजन थोडं वेगळं भरतं आणि किती फरक चालवून घ्यायचा हे ठरलेलं नसतं, मग ट्रक बाजूला लागतो. कस्टम्सचं काउंटर रात्री आठपर्यंत उघडं, पण भाजी तपासणारा अधिकारी पाचला जातो. एका देशाच्या संगणकात भरलेली माहिती दुसऱ्याच्या संगणकाला दिसत नाही, म्हणून एजंट तीच यादी पुन्हा टाइप करतो आणि एखादा आकडा चुकतो. कोबीनं भरलेल्या ट्रकला एका रात्रीचा उशीर पुरतो. ताडपत्री काढली की वरच्या थराची पानं पिवळी पडलेली दिसतात, आणि भाव तिथेच खाली येतो.

बोट्स्वाना आणि झांबिया यांच्यामध्ये झांबेझीवर 923 मीटरचा काझुंगुला पूल 2021 च्या मे महिन्यात खुला झाला. त्याआधी ट्रक तराफ्यावरून नदी ओलांडत आणि काठावर कित्येक दिवस अडकून पडत. तिथे पुलासोबतच एकत्रित नाकी उभारली. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच आवारात बसतात, आणि गाडी ज्या देशात शिरते तिथेच दोन्हींची कामं एका थांब्यात होतात. यासाठी कायदा बदलावा लागतो, कारण आपल्या अधिकाऱ्यानं परक्या भूमीवर माल अडवायचा किंवा दंड करायचा, तर त्याला तसा अधिकार आधी द्यावा लागतो. हे कलम पूल बांधायच्या करारासोबतच लिहून घ्यावं. पूल उभा राहिल्यावर त्याची घाई कुणालाच उरत नाही.

दोन देशांची मापं जुळत नाहीत, हेही आधीच गृहीत धरावं. ऱ्हाइनवर लाउफेनबुर्गला पूल बांधताना जर्मनी उंची मोजत होती उत्तर समुद्राच्या पातळीवरून आणि स्वित्झर्लंड भूमध्य समुद्राच्या. 27 सेंटिमीटरचा फरक सर्वांना ठाऊक होता. दुरुस्ती करताना अधिकच्या जागी उणे झालं आणि दोन टोकांत 54 सेंटिमीटरचा फरक पडला. थायलंडमध्ये गाड्या डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून. तिथल्या मेकाँगवरच्या पहिल्या मैत्री पुलाला, 1994 च्या, बाजू बदलायची जागा ठेवावी लागली. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्या रेल्वेची वीजही वेगळी, 25 आणि 15 किलोव्होल्ट. ओरेसुंड पूल ओलांडणाऱ्या गाड्या म्हणूनच दोन्हींवर धावणाऱ्या असतात.

या ओरेसुंडवर थोडं थांबू, कारण मालापेक्षा माणसांची ये-जा प्रदेश कसा बदलते ते तिथे दिसतं. 2000 च्या जुलैमध्ये तो सुरू झाला तेव्हा टोल चढा होता आणि वाहतूक अपेक्षेपेक्षा कमी. पुढे रोज ये-जा करणाऱ्यांना सवलती मिळाल्या, स्वीडनमधल्या माल्मोची घरं डेन्मार्कच्या कोपनहेगनपेक्षा स्वस्त होती, आणि लोक इकडे राहून तिकडे कामाला जायला लागले. मग प्रश्न आला कराचा. पगारावरचा कर नोकरीच्या देशाला मिळतो आणि शाळा-दवाखाने चालवायचे राहत्या गावानं. दोन्ही सरकारांनी 2003 मध्ये त्यासाठी भरपाईचा करार केला. 2016 च्या जानेवारीत स्वीडननं ओळखपत्रांची तपासणी सुरू केली आणि रोजचा प्रवास लांबला. पूल तोच, पण गणित एका आदेशानं बदललं.

लाभ कुणाला होतो, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तराफ्याच्या धक्क्यावरचं गाव थांबलेल्या ट्रकांवर जगतं: खानावळी, पंक्चरची दुकानं, हमाल, नावाडी. रांग संपली की त्यांची कमाईही संपते. माल थेट दोन मोठ्या शहरांमध्ये धावू लागतो आणि काठावर उरतो धूर. ते टाळायचं तर काठावर थांबण्याला कारण हवं: शीतगृह, प्रतवारीचं केंद्र, ट्रेलर दुरुस्तीची जागा. त्यासाठी लागणारी जमीन पुलाची घोषणा होण्याआधी राखून ठेवावी, कारण घोषणेनंतर दलाल आधी पोचतात. डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या छोट्या विक्रेतीला वेगळी पायवाट आणि एका पानाचा अर्ज मिळायला हवा. नाहीतर ट्रकसाठी केलेला नाका तिच्यासाठी भिंतच ठरतो.

क्रमाचं महत्त्व आपल्याजवळच्या उदाहरणातही दिसतं. त्रिपुरातलं सबरूम आणि बांगलादेशातलं रामगढ जोडणाऱ्या फेनी नदीवरच्या 1.9 किलोमीटरच्या मैत्री सेतूचं उद्घाटन 9 मार्च 2021 रोजी झालं. चितगाव बंदर तिथून साधारण 80 किलोमीटरवर आहे, त्यामुळे अपेक्षा मोठी होती. सबरूमच्या एकात्मिक तपासणी नाक्याचं उद्घाटन मात्र 2024 मध्ये झालं.

पूल सुरू होण्याच्या आधी निदान वर्षभर नोंदी ठेवायला हव्यात. रोज किती ट्रक आले, प्रत्येक जण किती तास थांबला, किती माल परत गेला, काठावरच्या किती घरांचं पोट धक्क्यावर चालतं. सुगीचे महिने आणि पावसाळा दोन्ही त्यात यायला हवेत. सरासरीसोबत सर्वांत वाईट दहा दिवसही लिहावेत, कारण व्यापारी आपला साठा त्या दहा दिवसांकडे बघून ठरवतो. उद्घाटनानंतर हेच मोजमाप त्याच जागी, त्याच पद्धतीनं पुन्हा घ्यावं, आणि दोन्ही आकडे नाक्याच्या दारावरच लावावेत.