विधान परिषद: पहिला तास आणि शेवटचा अर्धा तास

नमस्कार श्रोतेहो.

अधिवेशन सुरू झालं की बातम्या विधानसभेच्या. पायऱ्यांवर कोणी घोषणा दिल्या, कोणी सभात्याग केला, कोण कोणाच्या अंगावर धावून गेलं. त्याच विधान भवनात, नरिमन पॉइंटला, दुसरंही एक सभागृह भरलेलं असतं. त्याच्या वाट्याला बातमीच्या शेपटाला एक वाक्य येतं, "विधान परिषदेतही याच मुद्द्यावर गदारोळ झाला." आज मी तुम्हाला त्या सभागृहाचा एक दिवस सांगणार आहे. गदारोळ थोडा, कामकाज जास्त.

परिषदेत जागा ७८. तीस जणांना आमदार निवडून देतात, बावीस जणांना महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांचे सदस्य. सात पदवीधरांचे, सात शिक्षकांचे आणि बारा राज्यपालनियुक्त. म्हणजे तुम्ही-आम्ही थेट मत देतो ते फक्त चौदा जणांसाठी, आणि तेही आपण पदवीधर किंवा शिक्षक असलो तर. त्यातही गंमत अशी की प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना शिक्षक मतदारसंघात मत नाही. माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांनाच आहे. पहिलीच्या पोरांना अक्षर ओळखायला शिकवणारा शिक्षक या यादीत का बसत नाही, याचं पटणारं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

आता दिवसाकडे येऊ. घंटा वाजते, सभापती येतात, सगळे उभे राहतात. गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, दहा सदस्य पुरेसे असतात. एखाद्या माजी सदस्याचं निधन झालं असेल तर शोकप्रस्ताव येतो. नाहीतर थेट प्रश्नोत्तरांचा तास. माझ्या मते दिवसातलं सगळ्यात कसदार काम इथेच होतं.

तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नांची छापील पुस्तिका सदस्यांच्या हातात असते. तिची भाषा वर्षानुवर्षं ठरलेली आहे. अमुक जिल्ह्यातल्या अंशतः अनुदानित शाळांमधल्या शिक्षकांचं वेतन थकलं आहे, "हे खरे आहे काय?" मग "असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?" आणि शेवटी हमखास, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" समोरच्या उत्तराची भाषाही तितकीच ठरलेली. "(१) हे अंशतः खरे आहे." "(३) प्रश्न उद्भवत नाही." छापील उत्तर मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्यानं तयार केलेलं असतं आणि त्यात कुठेही फट राहू नये याची काळजी घेतलेली असते. फट पाडायची असते ती उपप्रश्नानं. अंशतः खरं म्हणजे किती शाळांबाबत खरं? प्रस्ताव वित्त विभागाकडे कोणत्या तारखेला गेला? परत कधी आला? कसलेला सदस्य भाषण करत नाही, तारीख विचारतो. मंत्री मागे वळून अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे पाहतात, तिकडून चिठ्ठी येते. चिठ्ठीत नेमकं काही नसेल तर "माहिती घेऊन सभागृहाला सांगण्यात येईल" असं म्हणावं लागतं. त्यावर सदस्य म्हणतात, मग प्रश्न राखून ठेवा. सभापतींनी राखून ठेवला, की तो विषय मंत्र्याच्या मानेवर बसतो. पुन्हा पटलावर येणार, पुन्हा उत्तर द्यावं लागणार.

अडचण एकच, मंत्री दोन सभागृहांमध्ये वाटलेले असतात. एकाच वेळी खालच्या सभागृहात त्यांची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, आणि वरच्या सभागृहात प्रश्न. "माननीय मंत्री विधानसभेत आहेत, थोड्या वेळात येतील." हे वाक्य परिषदेत इतक्यांदा ऐकू येतं, की विरोधक सोडाच, सत्ताधारी बाकांवरूनही कुरकुर होते. खात्याशी संबंध नसलेल्या राज्यमंत्र्याला उत्तर वाचायला उभं केलं, तर त्या तासाचा जीवच जातो.

तास संपला की कागदपत्रं पटलावर ठेवली जातात आणि विरोधी पक्षनेते उठतात. हातात नियम २८९ खालची सूचना. अर्थ असा, की आजचं सगळं कामकाज बाजूला ठेवा आणि आधी या विषयावर बोला. कधी अतिवृष्टी असते, कधी कांदा, कधी परीक्षेची फुटलेली प्रश्नपत्रिका. सूचना बहुतेक वेळा नाकारली जाते आणि ती नाकारली जाणार हे मांडणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण मांडताना जी चार-पाच मिनिटं मिळतात ती कामाची. प्रतिवेदक, म्हणजे सभागृहाचा शब्दशः वृत्तांत लिहिणारे कर्मचारी, टिपून घेतात, सभापती जमलं तर शासनाला निवेदन करायला सांगतात, आणि संध्याकाळपर्यंत जिल्हाधिकाऱ्याकडे मंत्रालयातून फोन गेलेला असतो. पाठोपाठ विशेष उल्लेख, औचित्याचे मुद्दे, लक्षवेधी सूचना येतात. दुपार इथेच सरते.

मग विधेयकं. इथे परिषदेचं खरं बळ किती, ते कळतं. पैशाच्या विधेयकावर ती फक्त शिफारस करू शकते, तीही चौदा दिवसांत. अर्थसंकल्प विधानसभेत अर्थमंत्री मांडतात तेव्हा परिषदेत अर्थ राज्यमंत्री तेच भाषण वाचतात, पण मागण्यांवर मतदान विधानसभेतच. साधं विधेयक परिषदेनं अडवलं तर तीन महिने थांबतं. विधानसभेनं ते पुन्हा संमत केलं तर आणखी एक महिना. त्यानंतर परिषद हो म्हणो, नाही म्हणो, कायदा होतो. दिल्लीत राज्यसभा आणि लोकसभा अडून बसल्या तर संयुक्त बैठक घेता येते, इथे ती सोयही नाही. राज्यघटनेनंच हात आखडता ठेवला आहे.

प्रत्यक्षात चार महिन्यांची वेळ क्वचितच येते. जनसुरक्षा विधेयकाचंच घ्या, कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदेशीर कारवायांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेलं. संयुक्त समितीत ते कित्येक महिने होतं. समितीतून बाहेर आल्यावर मात्र २०२५ च्या जुलैत १० तारखेला विधानसभेनं ते संमत केलं आणि ११ तारखेला परिषदेनं. विधेयकाच्या बाजूचे असा की विरोधातले, दुसऱ्या सभागृहानं दुसऱ्यांदा विचार करायला एक दिवस पुरतो का, हा प्रश्न उरतोच. सभापती म्हणतात, खंड (म्हणजे कलमं) दोन ते अमुक विधेयकाचे भाग झाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. हे शब्द फार भरभर उच्चारता येतात.

दोन्ही सभागृहांत बहुमत एकाच बाजूचं असलं की असंच होतं. २०१४ नंतर काही काळ चित्र वेगळं होतं. विधानसभेत भाजप-शिवसेना, परिषदेत काँग्रेस-राष्ट्रवादीचं संख्याबळ. त्या काळात परिषदेकडे सगळ्यांचं लक्ष असायचं. २०१५ च्या मार्चमध्ये तर सभापती शिवाजीराव देशमुख यांनाच अविश्वास ठरावानं पायउतार व्हावं लागलं आणि रामराजे नाईक निंबाळकर त्या आसनावर आले.

त्या आसनाची गोष्ट निघालीच आहे तर वि. स. पागे यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९६० ते १९७८ ते सभापती होते. सभापती चर्चेत उतरत नाहीत आणि मतं समसमान पडली तरच मत देतात. अशा जागेवर बसलेल्या माणसानं, मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, ही कल्पना सरकारच्या गळी उतरवली. तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळानं ती राज्यभर नेली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. तुमच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो ना? १९७५ मध्ये तो लावला तो याच योजनेसाठी. परिषद म्हणजे पराभूत पुढाऱ्यांची सोय, असं म्हणणाऱ्यांना मी हे नाव सांगतो. ते म्हणतात त्यातही तथ्य नाही असं नाही. पण परिषदेचं अलीकडे सर्वांत मोठं नुकसान केलं ते रिकाम्या खुर्च्यांनी. राज्यपालनियुक्त बारा नावांची शिफारस २०२० च्या नोव्हेंबरात झाली, आणि ती राजभवनात पडून राहिली. नव्या शिफारशीतल्या सात जणांनी शपथ घेतली ती थेट २०२४ च्या ऑक्टोबरात. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका रखडल्या म्हणून त्यांच्या मतदारसंघांतल्या जागाही एकेक करून रिकाम्या होत गेल्या. मतदारच नव्हते तर सदस्य कुठून येणार?

संध्याकाळी अर्धा तास चर्चा असते. आधी मिळालेल्या उत्तरानं समाधान न झालेला सदस्य तोच विषय धरून पुन्हा उभा राहतो. पत्रकार कक्षात तोवर फारसं कोणी नसतं, बातम्या केव्हाच गेलेल्या असतात. सभागृहात तालिका सभापती (सभापतींच्या गैरहजेरीत आसनावर बसणारे सदस्य), एक मंत्री, आठ-दहा सदस्य. घोषणा नाहीत, फलक नाहीत. म्हणूनच बहुधा मंत्री इथे मोकळेपणानं बोलतात. "एक महिन्याच्या आत बैठक घेतो" असं आश्वासन दिलं की ते सभागृहाच्या 'आश्वासन समिती'च्या यादीत जातं, आणि समिती पुढे खात्याला त्याचा जाब विचारते. मुंबईत येऊन धरणं धरणाऱ्या शिक्षकांच्या कित्येक मागण्या याच वाटेनं इंचाइंचानं पुढे सरकल्या आहेत.

जाता जाता एक कामाची गोष्ट. पदवीधर मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं होते. गेल्या वेळी मत दिलं होतं म्हणून या वेळी नाव असेलच, असं नाही. पदवी मिळून तीन वर्षं झाली असतील तर नमुना १८ चा अर्ज भरा, शिक्षक असाल तर नमुना १९. पात्रतेची तारीख १ नोव्हेंबर धरतात. आणि मतपत्रिकेवर शिक्का नाही, पसंतीचा क्रमांक लिहायचा, तोही केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या पेननंच. खिशातलं पेन काढलंत तर मत बाद.

नमस्कार.