जॉर्ज इन: चौकाची उरलेली एक बाजू

नमस्कार श्रोतेहो.

लंडन ब्रिज ओलांडून दक्षिणेकडे बरो हाय स्ट्रीटनं चालू लागलं, की डाव्या हाताला एकामागून एक बोळ लागतात. त्यांची नावं वाचत जावीत. किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅल्बट यार्ड. यार्ड म्हणजे सराईचा चौक. या प्रत्येक बोळाच्या आत एकेकाळी घोडागाड्यांची सराई होती. जुना इंग्रज कवी चॉसर, त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधले यात्रेकरू जिथून कँटरबरीला निघाले ती टॅबर्ड सराई याच रांगेतली. आता बोळांना फक्त नावं उरली आहेत. अपवाद एकच, जॉर्ज इन. सज्जे असलेली जुनी घोडागाड्यांची सराई अख्ख्या लंडनमध्ये एवढीच राहिली आहे, आणि तीही एका बाजूपुरती.

एवढ्या सराया या एकाच रस्त्यावर का, असा प्रश्न पडतो. कारण वेस्टमिन्स्टरचा पूल 1750 साली झाला. तोवर शहरात थेम्स ओलांडायला लंडन ब्रिज हा एकच पूल होता. त्यावर दोन्ही अंगांना घरं, मधला रस्ता अरुंद, गाड्यांची ही कोंडी. केंट आणि ससेक्सकडून येणाऱ्या गाड्या मग पुलाच्या अलीकडे, सदर्कमध्येच, म्हणजे याच भागात थांबत. 1598 साली जॉन स्टोनं लंडनचं वर्णन लिहिलं, त्यात इथल्या सरायांची यादी आहे आणि तिच्यात जॉर्जही आहे.

मात्र आज दिसते ती वास्तू त्यानंतरची. 1676 साली सदर्कमध्ये मोठी आग लागली, त्यात जुनी सराई जळाली आणि पुढच्याच वर्षी ती पुन्हा उभी राहिली. म्हणून 'शेक्सपिअर याच सज्जात बसायचा' असं कुणी सांगितलं तर ते सोडून द्यावं. तो 1616 सालीच गेला होता.

आता बांधणी बघू. रस्त्याकडून जागा अरुंद, पण आत खोलवर गेलेली. बोळातून गाडी थेट चौकात यायची. प्रवासी उतरायचे, घोडे सुटायचे, सामान उतरायचं, सगळं त्या चौकात. त्याच्या भोवती इमारत. आणि वरच्या मजल्यांवर, चौकाकडे तोंड करून, लाकडी सज्जे. आपल्या गिरगावातल्या चाळीची गॅलरी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मांडणी लगेच कळेल. निजायच्या खोल्यांची दारं या सज्जात उघडायची. आत वेगळा बोळ काढायची गरज नाही, सज्जा हाच रस्ता. पहाटे गाडी जोडली जात असली, की दार उघडून कठड्यावरून वाकून बघायचं आणि खाली पळायचं. मला या इमारतीत सगळ्यात आवडतं ते हेच: शोभेची वाटणारी गोष्ट खरं म्हणजे कामाची आहे.

त्या पांढऱ्या कठड्याकडे जरा निरखून बघा. एकसारख्या उभ्या दांड्या, मधे सडसडीत खांब, आणि ओळ कुठेकुठे खाली झुकलेली. साडेतीनशे वर्षांत लाकडानं आपापली जागा शोधली आहे.

तळमजल्यावर एकात एक उघडणाऱ्या खोल्या आहेत. त्यांतली एक गाडीची वाट बघणाऱ्या प्रवाशांची होती. तिथे भिंतीवर मोठ्या तबकडीचं जुनं घड्याळ आहे. या जातीच्या घड्याळांना पार्लमेंटच्या कायद्याचं घड्याळ म्हणतात. 1797 साली पार्लमेंटनं कायदा करून घड्याळांवर कर बसवला होता. तो वर्षभरात उठला, पण घड्याळांना नाव चिकटलं ते चिकटलंच. गाडी वेळेवर सुटायची, तेव्हा सगळ्यांना लांबून दिसेल अशी तबकडी तिथे हवीच होती.

मग 1836 साली शेजारीच लंडन ब्रिजला रेल्वे आली. घोडागाड्यांचा धंदा बसला. पुढे जॉर्जची जागा ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीकडे गेली, तिनं तिथे मालाचा डेपो केला, आणि 1889 साली चौकाच्या दोन बाजू पाडल्या. ज्या रेल्वेनं सराईचं पोट मारलं, तिच्याच हातून हे व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं. दक्षिणेकडची बाजू तेवढी वाचली. 1937 पासून ती जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे. खाली आजही पब चालतो, वरच्या निजायच्या खोल्यांत जेवणाची टेबलं मांडली आहेत.

तुमच्यापैकी कुणी लंडनला असाल किंवा जाणार असाल, तर चौकात उभे राहून आधी सज्जे बघा, आणि मग त्यांच्याकडे पाठ करा. समोर मोकळं दिसेल, तिथेही असेच सज्जे होते.