दुसऱ्या क्रमांकाचा जमैका

अध्यक्ष महोदय, आणि पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून अर्धा तास आधी येऊन बसलेल्या रसिक श्रोत्यांनो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘जमैका वेगवान का?’ असा छापला आहे. त्याचे उत्तर मी देणार आहे, परंतु ते शेवटी देणार आहे. उत्तर आधी दिले तर निम्मे सभागृह चहाकडे वळते, हा तीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काढल्यानंतरचा माझा अनुभव आहे. आपल्यापैकी अनेकांना मी उसेन बोल्टविषयी बोलावे असे वाटत असेल. बर्लिनच्या २००९ च्या जागतिक स्पर्धेत तो १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला तेव्हा आपल्याकडे रात्रीचा एक वाजून गेला होता, आणि मी आनंदाने टाळी वाजवली म्हणून शेजारचे बाळ जागे झाले होते, एवढे सांगून मी त्याची रजा घेतो. जिंकणाऱ्यांवर प्रेम करायला सारे जग आहे. माझी भक्ती आहे ती दुसऱ्या क्रमांकाच्या जमैकावर, आणि जमैका समजून घ्यायचा असेल तर तिथूनच सुरुवात करावी लागते, असे माझे जुने मत आहे.

कऱ्हाडात उभा राहून बोलतो आहे म्हणून आपल्या ओळखीचे माप वापरतो. जमैकाचे क्षेत्रफळ सुमारे अकरा हजार चौरस किलोमीटर आहे, तर आपल्या सातारा जिल्ह्याचे साडेदहा हजार. तिथली लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास आहे आणि २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा ३० लाखांचा होता. म्हणजे महाबळेश्वरापासून माणदेशापर्यंतचा आपला मुलूख उचलून कॅरिबियन समुद्रात ठेवला, तर साधारण जमैकाच होईल. फक्त चारी बाजूंनी पाणी म्हटल्यावर माणच्या माणसांना तो विनोद वाटेल. या दोन मुलखांची एकदा ओझरती भेटही झाली आहे. १९५२ च्या जुलैत, हेलसिंकीत, इथून चार पावलांवरच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्याच आठवड्यात त्याच शहरात जमैकाचा हर्ब मॅकेन्ली धावत होता. गाव आणि गुरुजनांनी पैसे जमवून पाठवलेल्या खाशाबांची कथा इथे कोणाला सांगायची गरज नाही. मॅकेन्लीची मात्र सांगितली पाहिजे.

त्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत पहिल्या चौघांची अधिकृत वेळ एकच लागली, १०.४ सेकंद. विजेता ठरलेला अमेरिकन लिंडी रेमिजिनो स्वतःच मॅकेन्लीचे अभिनंदन करून मोकळा झाला होता. छायाचित्र पाहून पंचांनी सुवर्ण रेमिजिनोला दिले. चार दिवसांनी ४०० मीटरमध्ये मॅकेन्लीची वेळ ४५.९, विजेत्याचीही ४५.९, आणि विजेता कोण, तर त्याचाच देशबांधव जॉर्ज रोडन. एकाच स्पर्धेत दोनदा विजेत्याच्याच वेळेत धावून दोनदा रौप्य! अखेर चार गुणिले चारशेच्या रिलेत, चार वर्षांपूर्वी लंडनला जिथे जमैकाच्याच आर्थर विंटचा स्नायू धरला आणि तो मैदानातच कोसळला होता त्याच शर्यतीत, मॅकेन्लीने आपला टप्पा ४४.६ सेकंदांत काढला आणि जमैकाने एक दशांश सेकंदाने अमेरिकेला मागे टाकून ३ मिनिटे ३.९ सेकंदांचा विश्वविक्रम केला. मॅकेन्लीचे हे एकमेव ऑलिंपिक सुवर्ण. ही कहाणी लक्षात असू द्यावी, कारण शेवटी मी त्याच्याकडेच परतणार आहे.

आता मर्लिन ओटी. आमच्या घरात हे नाव थोडे जपून घ्यावे लागते. ही बाई तुमची कोण लागते, असा प्रश्न सौभाग्यवतींनी १९९६ साली विचारला होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही. जमैकाच्या हॅनोव्हर परगण्यातली ही मुलगी १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये आपला देशबांधव डॉन क्वारी धावत असताना रेडिओला कान लावून बसली होती. क्वारीने २०० मीटरचे सुवर्ण जिंकले, आणि चार वर्षांनी मॉस्कोत त्याच अंतरात ओटीने कांस्य घेतले. तिथून पुढे सात ऑलिंपिक स्पर्धा, नऊ पदके, तीन रौप्य, सहा कांस्य, सुवर्ण शून्य. शंभर वेळा वारी करूनही गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरूनच परतावे, तसे हे आहे.

१९९३ साली स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत १०० मीटरमध्ये ती आणि अमेरिकेची गेल डेव्हर्स दोघींची वेळ १०.८२ लागली. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर डेव्हर्स एक सहस्रांश सेकंदाने पुढे ठरली. जमैकाची हरकत फेटाळली गेली आणि रौप्यपदक घ्यायला ओटी आली तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. पाठोपाठ तिने २०० मीटरचे जागतिक विजेतेपद मिळवले, पण माझ्या मनात राहिला तो सहस्रांश. त्या वेगात एका सहस्रांशात माणूस साधारण एक सेंटिमीटर पुढे सरकतो. आणि हा सेंटिमीटर मोजायचा तो नाकाचा नव्हे, हाताचा नव्हे, पायाचाही नव्हे. धड रेषेवर कधी आले एवढेच नियम पाहतो.

याचे मला एवढे का लागले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पुढच्याच वर्षी तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धेत मुलींच्या १०० मीटरला मी अंतिम रेषेवर मुख्य पंच होतो. फक्कीने आखलेल्या रेषा, दोन खांबांना बांधलेला लोकरीचा धागा, तीन स्टॉपवॉच आणि आम्ही चार पंच, असा आमचा सरंजाम होता. दोन मुली एकदम आल्या. धागा कोणाच्या अंगावर तुटला यावर दोघा पंचांचे एकमत होईना आणि घड्याळे दोघींना सारखीच वेळ दाखवत होती. दुपार टळत आली होती, लांब उडी खोळंबली होती, आणि मी अलीकडच्या पट्ट्यातल्या मुलीला पहिली ठरवले. पलीकडची मुलगी रडली नाही. तिने जवळ येऊन एवढेच विचारले, “सर, किती फरकाने?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यामुळे स्टुटगार्टच्या त्या निकालावर मी चरफडत असलो, तरी ओटीला निदान आकडा तरी सांगितला गेला, हेही मला तेव्हापासून मान्य करावे लागले आहे.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीच्या वेळी आपल्याकडे रविवारची सकाळ होती. आमच्याकडे कृष्णधवल संच होता, म्हणून शेजाऱ्यांच्या रंगीत संचासमोर मी आंघोळ करून, जणू सत्यनारायणाला बसावे तसा बसलो होतो. आठही जणी आपापल्या ब्लॉकमध्ये वाकल्या आणि वीज गेली. (हशा) आपण हसता आहात, पण मी त्या अंधाऱ्या काचेकडे किती वेळ पाहत राहिलो हे शेजारी अजून सांगतात. निकाल कळला तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात. त्यात पुरुषांच्या शंभर मीटरच्या विश्वविक्रमाला अर्धे पान दिले होते आणि खाली एका ओळीत माझे दुःख छापले होते: डेव्हर्स १०.९४, ओटी १०.९४. पुन्हा तेच. शिवाय ज्या डोनोव्हन बेलीने कॅनडासाठी ९.८४ चा तो विश्वविक्रम केला, तो जन्माने जमैकाचाच! १९९२ चा ब्रिटिश विजेता लिनफर्ड क्रिस्टी जन्माने जमैकाचा. १९८८ ला पहिला येऊन उत्तेजकामुळे पदक गमावलेला कॅनडाचा बेन जॉन्सनही जमैकातच जन्मलेला. इतकी मुले दत्तक देऊनही ज्या घरात पंगत बसते, त्या घराचे कौतुक करावे की त्याच्यावर रागवावे, हे मला ठरवता येत नाही.

ओटीचे शेवटचे प्रकरण तर आणखी विलक्षण आहे. २००० साली सिडनीत, चाळिशीत, तिची निवड झाली म्हणून तिच्याच संघातल्या काहींनी क्रीडाग्रामात निदर्शने केली. ती १०० मीटरमध्ये चौथी आली. रिलेत रौप्य मिळाले, पण मने जुळली नाहीत, आणि ती स्लोव्हेनियाची नागरिक होऊन २००४ ला त्या देशाच्या गणवेशात धावली. पुढे सिडनीची विजेती मॅरियन जोन्स हिने उत्तेजक घेतल्याची कबुली दिली, पदके परत गेली, आणि २००९ साली ओटीला त्या शर्यतीचे कांस्य मिळाले. ते जमैकाच्या खात्यावर जमा झाले, पण घेणारी तोवर दुसऱ्या घरची झाली होती. ५२ व्या वर्षी, २०१२ साली, युरोपीय स्पर्धेत ती स्लोव्हेनियाच्या रिले संघातून धावली, तीही हेलसिंकीतच.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे, तिच्यावर ‘सात मिनिटे’ असे लिहिले आहे. शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइसवर माझी दहा पाने टिपणे आहेत, ती मिटून ठेवतो. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतली ही मुलगी बाळंतपणानंतर २०१९ ला आणि पुन्हा ३५ व्या वर्षी २०२२ ला १०० मीटरची जगज्जेती झाली, यावर समाधान मानावे.

तर जमैका वेगवान का? रताळ्यासारखे दिसणारे तिथले याम नावाचे कंद खाऊन, असे बोल्टच्या वडिलांनी सांगितले आणि जगाने ते मिटक्या मारत छापले. कोणी रक्तातले जनुक सांगतात. परंतु याम आणि जनुके शेजारच्या बेटांवरही आहेत. १९१० पासून चालत आलेली शालेय अजिंक्यपद स्पर्धा मात्र जमैकात आहे. तिला तिथे नुसते ‘चॅम्प्स’ म्हणतात. ईस्टरच्या सुमारास किंग्स्टनच्या राष्ट्रीय क्रीडागारात पाच दिवस ती चालते, क्रीडागार काठोकाठ भरते, आणि किंग्स्टन कॉलेज या शाळेच्या जांभळ्या रंगाने कॅलाबार शाळेच्या हिरव्या-काळ्याला चिडवावे, आजोबांनी नातवाच्या वर्गमित्राची वेळ तोंडपाठ म्हणून दाखवावी, असा तो सोहळा असतो. शाळा एकमेकींची पोरे पळवतात आणि कोवळ्या पायांवर ओझे पडते, अशा तक्रारी तिथेही आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. उत्तेजकांचा डागही आहे: बोल्टचा रिलेतला सहकारी नेस्टा कार्टर याच्यामुळे २००८ चे रिलेचे सुवर्ण परत गेले आणि बोल्टची नऊ सुवर्णे आठ झाली. तरीही आपल्या शालेय स्पर्धांना पंच, शिक्षक आणि बर्फाच्या गोळ्याची गाडी एवढाच प्रेक्षकवर्ग मी आयुष्यभर पाहिला असल्यामुळे, त्या गर्दीचा मला हेवा वाटतो.

आणि ही स्पर्धा उभी कोणी ठेवली? १९०८ साली जी. सी. फॉस्टर नावाचा तरुण केळी वाहणाऱ्या बोटीतून लंडन ऑलिंपिकला गेला. जमैका ऑलिंपिक संघटनेचा सदस्य नाही म्हणून त्याला धावू दिले नाही. तो परतला आणि मुलांना शिकवू लागला. १९८० साली क्यूबाच्या मदतीने निघालेल्या क्रीडाशिक्षकांच्या महाविद्यालयाला त्याचेच नाव आहे, आणि तिथून बाहेर पडलेले प्रशिक्षक आज शाळाशाळांत आहेत. मॅकेन्लीही परतला. हेलसिंकीची दोन रौप्यपदके घेऊन तो कॅलाबारच्या, म्हणजे आपल्याच शाळेच्या मैदानावर प्रशिक्षक म्हणून उभा राहिला, राष्ट्रीय संघ घडवला, पोरांना अमेरिकेत शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. १९९९ ला प्रशिक्षक स्टीफन फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी क्लब काढून मुलांना अमेरिकेला न पाठवता किंग्स्टनच्या गवतावरच तयार करायला घेतले, तेव्हा त्यांच्या हाती लागला तो या माणसांनी आधीच नांगरलेला मळा. शाळेत शोधून काढलेली पोरे, पोरांना ओळखणारे प्रेक्षक आणि प्रेक्षकांतच बसलेले पुढचे प्रशिक्षक: माझे उत्तर एवढेच आहे, आणि पाहिजे तर याचा पुरावा सेंट ल्युशियाची ज्युलियन आल्फ्रेड देईल, जी चौदाव्या वर्षी जमैकाच्या शाळेत दाखल झाली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये महिलांच्या १०० मीटरचे सुवर्ण घेऊन गेली.

दुसरी चिठ्ठी आली. पॅरिसचे एकच वाक्य. पुरुषांच्या १०० मीटरमध्ये जमैकाचा किशेन थॉम्पसन आणि अमेरिकेचा नोआ लाइल्स दोघांची वेळ ९.७९, निकाल पाच सहस्रांश सेकंदांनी लाइल्सकडे. थॉम्पसनचा पाय आधी पोहोचला होता, धड नव्हते, आणि रात्री दीड वाजता मी एकटाच नियम मोठ्याने म्हणत बसलो होतो. २०२५ च्या सप्टेंबरात टोकियोत जमैकाच्या ऑब्लिक सेव्हिलने ९.७७ सेकंदांत जागतिक सुवर्ण घेतले, बोल्ट प्रेक्षकांत होता, आणि दुसरा आला, ऐकून घ्या, थॉम्पसनच.

चॅम्प्स मार्चमध्ये असते. जमैका आपल्या साडेदहा तास मागे आहे, म्हणजे तिथली दुपार ही आपली मध्यरात्र. ज्यांना जागायचे असेल त्यांनी माझ्याकडे यावे. संच रंगीत आहे, इन्व्हर्टर बसवला आहे, आणि सौभाग्यवतींची परवानगी मी आजच घेतो.