नावे न सांगण्याची अट : ‘लास्ट टँगो इन पॅरिस’

पॅरिसमधल्या बीर-हाकेम पुलाला दोन मजले आहेत. वरून मेट्रो धावते आणि खालून माणसे व मोटारी ये-जा करतात. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात वरून गाडी धडधडत जात असताना बदामी रंगाच्या ओव्हरकोटमधला एक मध्यमवयीन माणूस दोन्ही हातांनी कान दाबून धरतो आणि देवाला शिवी हासडतो. एक तरुणी त्याला मागे टाकून पुढे जाते आणि जाता जाता वळून पाहते. त्याच्या बायकोने नुकतीच आत्महत्या केली आहे, हे तिला ठाऊक नाही आणि आपल्यालाही अजून सांगितलेले नाही.

बेर्नार्दो बेर्तोलुच्ची या इटालियन दिग्दर्शकाचा ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ १९७२ मध्ये पडद्यावर आला. पॉल या अमेरिकन माणसाच्या भूमिकेत मार्लन ब्रँडो होता आणि जानच्या भूमिकेत मारिया श्नायडर. भाड्याने द्यावयाच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये या दोघांची गाठ पडते आणि तेथेच त्यांचा शरीरसंबंध सुरू होतो. पॉलची अट एकच असते: नावे सांगायची नाहीत, बाहेरच्या आयुष्यातले काहीही आत आणायचे नाही. जानचे लग्न ठरलेले आहे. तिचा नियोजित वर सतत कॅमेरा घेऊन तिच्यावरच चित्रपट करीत असतो. हे उपकथानक बरेचसे उपरे वाटते.

या चित्रपटाची कीर्ती त्यातल्या शय्यादृश्यांमुळे झाली असली, तरी त्याचा खरा जीव त्या फ्लॅटबाहेर, पॉलच्या मृत बायकोच्या, रोझाच्या मालकीच्या कळकट हॉटेलात आहे. तेथे मोलकरीण न्हाणीघरातले रक्त पुसता पुसता, पोलिसांनी काय काय विचारले ते पॉललाच तपशीलवार ऐकवते. सासू अंत्यविधीची तयारी करू पाहते, तिला पाद्री बोलवायचा असतो, आणि पॉल संतापून नकार देतो. त्याच हॉटेलात राहणारा मार्सेल हा रोझाचा प्रियकर. तो आणि पॉल एका संध्याकाळी शेजारी बसतात, तेव्हा दोघांच्या अंगात हुबेहूब एकसारखा झगा असतो, कारण रोझानेच दोघांना तो दिला होता. नवरा आणि प्रियकर यांच्यातला फरकही तिने शिल्लक ठेवला नव्हता, हे पॉलला एका कपड्यावरून कळते.

मग तो फुलांनी वेढलेल्या तिच्या मृतदेहाशेजारी जाऊन बसतो. सुरुवातीला तो तिला अर्वाच्य शिव्या देतो. नवरा दोनशे वर्षे जगला तरी त्याला बायकोचा थांग लागणार नाही, असे म्हणतो, आणि जिवंतपणी ती जे प्रसाधन कधी करीत नव्हती ते तिच्या चेहऱ्यावरून पुसता पुसता हुंदके देऊ लागतो. शोक व्यक्त करताना मनुष्य किती ओंगळ आणि किती अन्यायी होऊ शकतो, हे इतक्या उघडपणे दाखवणारी दृश्ये चित्रपटसृष्टीत फार थोडी असतील. फ्लॅटमधली ती अट वासनेतून आलेली नसून, ज्या माणसाला बायकोचे नाव उच्चारणेही असह्य झाले आहे त्याने शोधलेली ती पळवाट आहे, हे येथे उमगते.

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत चित्रकार फ्रान्सिस बेकनची पिळवटलेल्या माणसांची दोन चित्रे दिसतात. छायाचित्रणकार व्हित्तोरियो स्तोरारो याने फ्लॅटमध्ये पसरवलेला नारिंगी उजेड त्या चित्रांशी नाते सांगतो, आणि अर्जेंटिनाच्या गातो बार्बिएरीचा सॅक्सोफोन त्यावर पसरत जातो.

१४ ऑक्टोबर १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या महोत्सवात पहिला खेळ झाल्यावर पॉलीन केल या समीक्षिकेने त्या संध्याकाळची तुलना संगीतकार स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेच्या १९१३ मधल्या, गदारोळ उडवलेल्या पहिल्या प्रयोगाशी केली. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये बंदी असल्याने तिथले प्रेक्षक सीमा ओलांडून फ्रान्समधल्या पेरपिन्याँला जात. इटलीत मात्र प्रकरण न्यायालयात गेले आणि जानेवारी १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. बेर्तोलुच्चीला स्थगित कारावासाची शिक्षा झाली आणि पाच वर्षांसाठी त्याचा मताधिकार गेला. ही बंदी १९८७ मध्ये उठली.

दिग्दर्शकाचे हे हाल कलास्वातंत्र्याच्या इतिहासात वारंवार सांगितले जातात. श्नायडरचे तेवढे सांगितले गेले नाहीत. चित्रीकरणाच्या वेळी ती जेमतेम १९-२० वर्षांची होती आणि ब्रँडो ४७ वर्षांचा होता. पॉल लोणी वापरून जानवर जबरदस्ती करतो, ते दृश्य मूळ पटकथेत नव्हते, असे तिने २००७ मधल्या एका मुलाखतीत सांगितले. संभोग प्रत्यक्षात झाला नव्हता, पण पडद्यावरचे अश्रू खरे होते, आणि ब्रँडो व बेर्तोलुच्ची या दोघांनी मिळून आपल्यावर थोडासा बलात्कारच केला असे आपल्याला वाटले, हे तिचे म्हणणे होते. पटकथेत नसलेली गोष्ट कोणाकडून सक्तीने करवून घेता येत नाही, आपण वकिलाला बोलवायला हवे होते, पण त्या वयात ते कळत नव्हते, असेही ती म्हणाली. त्यानंतर नग्न दृश्ये करायला तिने नकार दिला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी ती कर्करोगाने वारली.

बेर्तोलुच्ची २०१३ मध्ये यावर बोलला. लोण्याची कल्पना आपण तिच्यापासून मुद्दाम लपवली, कारण आपल्याला अभिनेत्रीची नव्हे, तर एका मुलीची प्रतिक्रिया हवी होती, असे तो म्हणाला. अपराधी वाटते, पण पश्चात्ताप नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली. पॉलने फ्लॅटमध्ये घातलेली अट आणि दिग्दर्शकाची ही वाक्ये एकाच जातीची आहेत, असे मला वाटते. समोरच्या बाईची ओळख काढून घ्यायची आणि उरेल ते वापरायचे, हा पॉलचा अपराध चित्रपटाला पुरता कळलेला आहे. तोच कॅमेऱ्यामागेही चालला होता, हे मात्र त्याला कळलेले नाही. त्यामुळे रोझाच्या कलेवरापाशी बसलेल्या पॉलचे दृश्य आजही मला हलवते आणि लोण्याच्या दृश्यापाशी मी पुढे पाहू शकत नाही. दोन्ही एकाच चित्रपटातली आहेत, आणि एकाच्या कौतुकाने दुसऱ्याचा हिशेब चुकता होत नाही.

शेवटी पॉल स्वतःच अट मोडतो. जानच्या मागे मागे तो तिच्या घरात शिरतो, तिच्या दिवंगत लष्करी बापाची टोपी डोक्यावर चढवतो आणि तिचे नाव विचारतो. ती नाव सांगते आणि त्याच क्षणी बापाचे पिस्तूल झाडते. मरता मरता तो गच्चीच्या कठड्याखाली च्युइंगगम चिकटवतो. ती मात्र पोलिसांना द्यायचा जबाब पुटपुटत राहते: तो कोण हे मला माहीत नाही, तो माझ्या मागे लागला होता, त्याचे नाव मला ठाऊक नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयाने या चित्रपटाचा ठरलेला खेळ निषेधानंतर रद्द केला. त्याच वर्षी कानच्या महोत्सवात श्नायडरच्या आयुष्यावरचा, जेसिका पालू हिने दिग्दर्शित केलेला चित्रपट दाखवला गेला होता. त्याचे फ्रेंच शीर्षक आहे ‘मारिया’.